छावणीतली पोटभर वैरण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो — पण माझ्याबद्दल बरं मत करून घ्यायची तसदी घेऊ नका. माझं स्वतःचंही नाही.

दूध संघात मी जनावरांचा डॉक्टर होतो. दुष्काळात संघानं नांदूरघाटच्या बाजूला चारा छावणी उघडली आणि माझा तोरा वाढला. गायी माजावर येईनात म्हणून लोक इंजेक्शन मागायचे. मी खुर्चीत रेलून ऐकवायचो — इंजेक्शन कशाला, वैरण घाला. मेंदूच्या तळाशी चिमूटभर पेशी असतात. त्यांनी हुकूम सोडला तरच अंडाशय हलतं. पोटात चारा नाही, अंगावर मांस नाही, तर त्या हुकूमच सोडत नाहीत. गायीत खोट नसते, ती उपाशी असते. लोक माना डोलवायचे, आणि मला ते फार आवडायचं.

आणि घरी? घरी माझी वहिनी होती. सकाळी टँकरची रांग, दिवसभर पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची, आणि जेवायला सगळ्यांच्या मागून. घरात ज्वारी नव्हती असं नाही. रीत होती. आम्ही दोघं भाऊ उठल्यावर टोपल्यात उरेल ते तिचं. उरणार काय? मी तर पोट भरल्यावरही अर्धी भाकरी मागून घ्यायचो.

तिची पाळी थांबली. आई आधी हरखली, नारायणगडाला नवस बोलून आली. पोट दिसेना, तेव्हा तीच आई तिला वांझ म्हणू लागली. दादाच्या दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी निघाल्या. मला कळत नव्हतं? रोज तेच तर सांगत होतो — लोका सांगे ब्रह्मज्ञान. पण घरात बोलायचं म्हणजे आईला सांगायचं, तू सुनेला उपाशी ठेवतेस. आणि मग माझ्या ताटाकडेही कुणी बघितलं असतं.

एकदा ती आमची गाय घेऊन छावणीत आली. माझं व्याख्यान चालू होतं. दावं हातात धरून तिनं ते सगळं ऐकलं. माणसं पांगल्यावर जवळ आली, खाली बघत म्हणाली, "भावजी, बाईचंबी असंच असतं का ओ?"

तिला कळलं होतं. फक्त घरात चालेल असा डॉक्टरचा एक शब्द तिला हवा होता.

मी म्हणालो, "न्हाई वहिनी. जनावराचं येगळं असतं."

"बरं," ती म्हणाली. गाय दावणीला बांधली, पाठीवरून हात फिरवला आणि गेली.

पाडव्यानंतर दादा तिला तलवाड्याला माहेरी सोडून आला. पुन्हा आणायला कुणी गेलं नाही. वर्षाच्या आत दुसरी वहिनी आली.

गाय मात्र छावणीत पोटभर खाऊन माजावर आली. गाभण राहिली, व्याली. पहिला खरवस आईनं माझ्या ताटात वाढला. मी तो खाल्ला. आणखी मागून घेतला.