कुठल्या चुकीची क्षमा?

सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये भिंगे घासून पोट भरणाऱ्या एका तत्त्वज्ञाविषयी मी सांगलीच्या महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षे शिकवत आलो आहे. ईश्वर आणि निसर्ग ही एकाच सत्तेची नावे, असे तो मानी. ऐन तारुण्यात त्याच्या समाजाने त्याला बाहेर काढले. त्याच्याशी कुणी बोलू नये, एका छपराखाली बसू नये, असे ठरले.

यंदा हे सांगत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, घरातलं कुणीच गेलं न्हाई त्याच्याकडं?"

पुढचा तास मला घेता आला नाही. माझी थोरली बहीण कोयनानगरला राहते. तिने समाजाबाहेर लग्न केले तेव्हा वडिलांनी घरात तिचे नाव बंद केले आणि मी गप्प राहिलो. वडील जाऊनही नऊ वर्षे झाली. मी तिच्याकडे गेलो नव्हतो.

आम्हा जैनांत पर्युषणानंतर क्षमावाणीच्या दिवशी सर्वांची क्षमा मागतात. यंदा मावसबहिणीकडून नंबर मिळवून, जो संदेश मी सगळ्या परिचितांना पाठवला तोच अक्कालाही पाठवला: कळत-नकळत मन दुखावले असल्यास क्षमा असावी. दुपारी तिचा फोन आला.

"कुठल्या चुकीची माफी मागतोस रं? तेवढं सांग, मग बघू."

एवढे बोलून तिने फोन ठेवला.

तो तत्त्वज्ञ पश्चात्तापाला सद्गुण मानत नाही. पश्चात्ताप करणारा त्याच्या मते दुहेरी दुःखी; त्यापेक्षा माणसाने आपल्या कृतीचे कारण समजून घ्यावे. हे मला नेहमी कोरडे वाटे, कारण मनातल्या मनात झुरतो एवढ्या आधारावरच मी स्वतःला बरा माणूस समजत होतो. या वेळी मात्र कारण शोधत बसलो. वडिलांचा धाक होता, पण खरे कारण तो नव्हता. त्या वर्षी माझे लग्न जमत होते, आणि बहिणीकडे गेलो तर ते मोडेल, ही भीती होती. इतके लहान कारण.

रविवारी एसटीने कोयनानगर गाठले आणि उंबऱ्याबाहेर उभा राहूनच मी ते अक्काला सांगितले. आतून दाजी ओरडले, "आवं पावणं, आत या की! दारात काय तास घेताय?"

अक्का हसली नाही. "व्हय. मला तवाच ठावं हुतं. तुझ्या तोंडनं ऐकायचं हुतं." मग म्हणाली, "माफीचं बघू सावकाश. दिवस मावळायच्या आत जेवतोस न्हवं अजून? मग बस ताटावर."

रात्री न जेवण्याचा आमचा नेम तिने सोडला असेल, असे मी धरून चाललो होतो.

"सव्वीस वर्सं हिच्यापायी आमी समदी उजेडातच जेवतोय," दाजींनी माझ्याकडे तक्रार केली, आणि अक्काने न विचारता माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली.