कारखान्यातलं म्हातारपण

तारा घ्यायला वाद्यांच्या दुकानात गेलो होतो. शेजारी एक गृहस्थ इलेक्ट्रिक गिटार न्याहाळत होते. गिटार नवी कोरी, पण दिसायला म्हातारी. पांढरा रंग मुद्दाम पिवळट केलेला, उजवा हात टेकतो तिथला तर पार खरवडून काढलेला. निकेलच्या खुंट्यांची चमकही कारखान्यातच मारलेली.

"क्रोम नकोच, फार चकचकीत दिसतं," गृहस्थ म्हणाले. "निकेल कसं मुरलेलं वाटतं!"

त्यांचे स्वतःचे केस मात्र कलप लावून काळेभोर.

मला कीव करायचीही इच्छा होईना. माझ्या गिटारचा रंग गेला तो लग्नाच्या मांडवांतून वाजवून वाजवून. तारा टेकतात त्या ब्रिजचं निकेल काळवंडलं ते तळहाताच्या घामानं, आणि त्याला पंचवीस वर्षं लागली. यांना ती पंचवीस वर्षं तयार हवीत, घाम वगळून. वय काय वरून फासायची गोष्ट आहे?

सौदा ठरला. गिटार खोक्यात ठेवताना मालकाच्या अंगठीचा ओरखडा तिच्या पाठीवर उमटला. गृहस्थ ताडकन उठले.

"अहो, काय केलंत हे! मला दुसरा पीस द्या."

"साहेब, एवढ्या ओरखड्यांत हा कुठे दिसतोय?"

"ते कंपनीचे आहेत!"

मालकानं गिटार उचलून आत नेली. त्या अख्ख्या गिटारवर तेवढा एकच ओरखडा खरा होता.