आवाजाच्या पुढे धावणारी गोळी

सकाळी दारात पोतराज आला. त्याने आसूड फिरवताच हवा कडाडली आणि फौजेतून निवृत्त झालेले माझे वडील खुर्चीतच खाली वाकले. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. ते हसले.

"गोळी डोक्यावरून गेली की अश्शीच हवा फाटते, पोरी. ती आवाजाच्या पुढं पळते. या आसुडाचं टोकही तसंच."

"सगळ्याच गोळ्या कडाडतात?"

"नाही. कमी दारूची गोळी आवाजाच्या मागं राहते. ती गुपचूप येते."

"कडाडलं की भीती वाटायची?"

"वाटायची. पण ऐकू आलं, म्हणजे गोळी पुढं गेलेली असायची."

मी थक्क झाले. ज्या आवाजाला मी मरण समजत होते, तो त्यांना कितीदा सांगून गेला होता, की तू अजून आहेस.