वालाशेजारची पार्सली

तापातून उठल्यापासून श्यामलाबाईंच्या तोंडाला चवच नव्हती. अंगात रक्त कमी, आणि ताटातला घास ताटातच. पुण्याहून त्यांच्या यजमानांच्या भाचीने, सावनीने, पार्सली नावाच्या परदेशी पालेभाजीचं बी पाठवलं आणि मामांना फोनवर बजावलं, "मामा, ह्याच्या कोंबांत क जीवनसत्त्व असतं. वालातलं लोह अंगी लागायला मदत होते. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या हं!"

मामा म्हणजे अष्टमी गावचे निवृत्त मास्तर दामोदरपंत. त्यांनी जन्मात मोड आणले ते फक्त बिरड्यासाठी वालाला. त्यांनी पार्सलीही वालाशेजारीच, तशीच ओल्या फडक्यात बांधून टांगली. दुसऱ्या दिवशी वालाला मोड आले; पार्सली ढिम्म.

"मामा, तो काय वाल आहे? उरलेलं बी ताटलीत ओल्या कापडावर पसरा, नि धीर धरा," सावनी फोनवर म्हणाली.

मास्तर खिडकीत ताटलीपाशी बसून राहू लागले. डुलकी लागली की कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवर पार्सली डुलायची, आणि पुलावरून श्यामलाबाई परडी घेऊन तुरुतुरु चालत यायच्या. जाग आली की समोर तेच करडं बी, आणि पलंगावर उशीला टेकलेल्या श्यामलाबाई.

"शाळेतल्या पोरांना कधी इतकी सवलत दिली नाय तुम्ही," त्या म्हणायच्या.

तिसऱ्या आठवड्यात ताटलीवर हिरवं धुकं उतरलं. मास्तरांनी स्वतः रांधलेल्या बिरड्यावर चिमूटभर कोंब कातरून घातले. श्यामलाबाईंनी घास घेतला, डोळे मिटले. मास्तर पळी हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

"कोथिंबिरीची चुलत बहीण दिसते. जरा कडूच हाय," त्या म्हणाल्या, आणि ताट पुढे सरकवलं. "बघताय काय? भात वाढा. का त्यालाही तीन आठवडे लागतात?"