विहाराचे पत्रे

माझं शुद्धलेखन कच्चं, अक्षर त्याहून वाईट. चौथी शिकलेल्या बाईला माफ करा.

जानेफळच्या दवाखान्यात जर्मनीच्या एक ज्यू नर्सबाई होत्या; इतक्या वर्षांत आमच्यासारखंच बोलायला लागलेल्या. त्यांच्या दाराच्या चौकटीला लहानशा डबीत घातलेलं देवाचं वचन ठोकलेलं होतं. येता-जाता त्याला बोटं लावून ती ओठांना टेकवायच्या.

आम्ही बाया बुद्धविहार बांधत होतो. भिंती झाल्या, छपराच्या पत्र्यांना पैसे नव्हते. बाईंनी पुढे केले.

मी खाली पाहतच म्हटलं, "दान नको, बाई. विहार आमच्या कष्टाचा पाह्यजे."

"मंग उसने घे. आमच्या गावचं प्रार्थनाघर जाळलं, तवा शेजारी नुसते पाहत राह्यले. तुमचं उभं होऊन राह्यलं, अन् मी नुसती पाहू काय?"

पत्रे चढले. आम्ही दोन हंगाम कापूस वेचला. शेवटचे पैसे बाईंनी नीट मोजून घेतले आणि म्हणाल्या, "फिटले सारे."