झाकण उघडायचं नाही

माझी धाकटी बहीण म्हणजे भिंगरी. घरात सगळे तिला त्याच नावानं हाक मारतात. दूध तापत ठेवलं तरी स्वयंपाकघरात हिच्या येरझाऱ्या! आणि या बाईनं काम कुठलं धरावं? प्रयोगशाळेत बसून अमिनो आम्लांच्या साखळ्या जोडायचं. आपल्या अंगातली प्रथिनं ज्यांची बनतात, तीच ही आम्लं. त्यांच्यापासून तिला डोळ्यात घालायचे असे थेंब करायचे होते, जे बाटलीत पातळ राहतील आणि अंगाच्या उबेनं घट्ट होतील, म्हणजे औषध वाहून जाणार नाही.

साखळी वाढायला दिवस लागतात. जरा दमट हवा लागली की ती तिथंच खुंटते, आणि आखूड साखळीचं कितीही तापवलं तरी पाणीच. हिचं दरवेळी पाणीच व्हायचं. मग खापर फोडलं प्रयोगशाळेत त्या आम्लांची पावडर वाळवणाऱ्या काकांवर. "त्यांच्या पावडरीत ओल राहते," असं प्रयोगशाळेच्या सरांना सांगून मोकळी झाली. काकांना काढलं. तरी पाणी! मग म्हणे भांड्यात हवेऐवजी जो कोरडा गॅस भरतात, त्याची टाकी खराब. शेवटी सर वैतागले. "ही शेवटची खेप. सोमवारी घट्ट झालं नाही तर तुझं काम बंद."

तिनं साखळी वाढायला काचेचं भांडं झाकण लावून ठेवलं आणि नेमकी रंगकामासाठी प्रयोगशाळेची इमारत दोन दिवस बंद. घरात नुसता उच्छाद! जेवताना उठायची, चपला घालायची, काढायची. "एकदाच बघून येते गं ताई." दोनदा फाटकापर्यंत गेली, दोन्ही वेळा रखवालदारानं परत पाठवली. मी म्हटलं, "अगं, जीव खाऊ नकोस माझा, गप बस!"

सोमवारी मलाच सोबत नेलं, एकटीला जायचा धीर होईना म्हणून. सरांनी थेंब छोट्या बाटलीत घेतले, ती मुठीच्या उबेत धरली, थोड्या वेळानं उलटी केली. काही सांडलं नाही. मी आनंदानं ओरडलेच. सर म्हणाले, "शाब्बास! या वेळी वेगळं काय केलंस?"

भिंगरी पांढरीफटक पडली.

"काहीच नाही, सर. या वेळी झाकण उघडलं नाही." "दरवेळी उघडायची मी. क्षणभरच. वाढतंय का बघायला. ओल मीच आत सोडत होते. काकांची पावडर चांगली होती."

मला तिची चीड आली आणि कीवही.

"त्यांना परत बोलवा ना, सर. मी पाया पडते त्यांच्या."

"गॅसची टाकी बदलूनही पाणीच झालं, तेव्हाच बोलावलं होतं मी त्यांना," सर म्हणाले. "नको म्हणाले. त्यांना वाटतं, आपल्याच हातांना सारखा घाम येतो, त्यानंच पावडर ओली व्हायची. बायको सांगत होती, दिवसभर हात पुसत बसतात."