व्याही आले तेव्हाची श्वासाची रेघ

ये गं पोरी, अशी जवळ सरक. कागदावरच का होईना, पण सरक. आणि आधी बोलणी खा. तुझे काका दवाखान्यात होते तेव्हा दर फोनला तुझं एकच, "काकी, आकडा किती?" अगं, माणूस कसा आहे ते विचार की आधी! तेव्हा सांगायला सवड नव्हती, आता सगळं ऐक.

बारामतीला नेलं तेव्हा ह्यांची छाती कफानं गच्च भरलेली. न्यूमोनिया म्हणाले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोटाला चिमटा, छातीवर रुपयाएवढ्या चकत्या चिकटवलेल्या आणि त्यांच्या वायरी उशाशी ठेवलेल्या यंत्राला. मला वाटलं, हे सगळं हृदयाचंच. नर्स म्हणाली, "आजी, ह्याच चकत्यांवरनं श्वासही कळतो. छाती वर-खाली होते ना, ते यंत्र मोजतं. ही खालची रेघ बघा." मग मी रेघच बघत बसले. दूध तापत ठेवल्यावर बघावं तशी. नजर हलवायची सोय नाही.

त्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, "श्वास फार भरभर चाललाय. संध्याकाळपर्यंत मिनिटाला तिसाच्या खाली आला नाही, तर पुण्याला हलवू. घशात नळी घालावी लागेल."

आणि दुपारी बावड्याचे व्याही आले, आपल्या ताईचे सासू-सासरे. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. लेक ज्यांच्या घरी दिली, त्यांच्यापुढं आडवं पडायचं नाही. हे उठून बसले. मास्क हनुवटीवर ओढला, टोपी घातली, वायरी दिसायला नकोत म्हणून टॉवेल अंगावर घ्यायला गेले. त्या ओढाओढीत चकती सुटली. रेघ सपाट! यंत्र बोंबलायला लागलं. व्याहीणबाईंनी पदर तोंडाला लावला आणि सूरच धरला.

"आवं, हाय आजून मी!" हे म्हणाले. "बसा की. ऊस गेला का तुमचा?"

नर्स पळत आली. चकती लावली, मास्क वर केला, पाठीला उशी दिली. रेघ परत उमटली, पण आकडा सकाळपेक्षा वर. "आबा, बोलायचं नाही. अजिबात नाही."

"दारात पावणं आल्यात," मास्कमधनं हे म्हणाले, "आन् मी मुक्यावानी बसू व्हय?"

सोयऱ्यांना 'जावा आता' कसं म्हणायचं? व्याह्यांनी यंत्राकडं बघितलं, मग माझ्याकडं. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "आबा, तुमी गप बसणार न्हाय. मग आपुन दोगंबी गप बसू. आधी बोलंल त्यानं जेवान घालायचं."

पैज म्हटल्यावर ह्यांनी ओठ मिटले ते मिटलेच. हट्टी माणूस! आम्ही सगळे त्या रेघेकडं बघत राहिलो. व्याहीणबाईंना खोकला आला, तो त्यांनी पदरात दाबला. हळूहळू ह्यांची मान उशीवर टेकली. टोपी तिरकी झाली, तरी सावरली नाही. रेघेचे टोकदार चढ बसके झाले, मधलं अंतर वाढलं. मला वाटतं, आम्ही सगळेच ह्यांच्या बरोबरीनं श्वास घेत होतो.

संध्याकाळी डॉक्टरांनी आकडा बघितला, छाती तपासली. म्हणाले, "आता तिसाच्या आत आहे. पुण्याला न्यायची गरज नाही." व्याहीबुवांनी गुडघ्यावर थाप मारली. "हारलो बाबा! जेवान माझ्याकडं!" मला ठाऊक आहे, ते मुद्दाम हारले.

आता घरी आलेत. कफ सुटलाय, भाकरी कुस्करून खातात. डॉक्टरांनी बोलायची मोकळीक दिली, पण दमादमानं, आणि एका वेळी एकाच माणसाशी. आता गावातलं कुणी कामात, कुणी घाईत. म्हणून दिवसभर ते एक माणूस म्हणजे मीच. उसाची तोड, पाण्याची पाळी, सगळं माझ्याच डोक्यावर ओततात. ऐकायला मला आवडतं गं, पण स्वयंपाक कधी करू? तू ये. इंदापूरला उतरलीस की जीप मिळते. ह्या आठवड्यातच ये बाई, दोन दिवस राहायचंच.